पूलच्या फिल्टरखाली पाणी साचतंय? क्लॅम्प आवळण्याआधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरचा स्विमिंग पूल, आठ मीटर लांब आणि चार मीटर रुंद. वाळूचा फिल्टर, टाकीच्या माथ्यावर सहा खुणांचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह, म्हणजे हँडल फिरवून पाण्याची वाट बदलायचा व्हॉल्व्ह. पंप लावला की तासाभरात टाकीखाली ओल दिसू लागते. टाकीच्या मानेवरचा क्लॅम्प आवळून झाला, आता तो फिरतही नाही, तरी पाणी थांबलेलं नाही. शिवाय पूलची पातळी रोज दीड ते दोन सेंटिमीटर उतरते. रोज आठ तास पंप चालतो. टाकीच बदलावी का?

टाकी इतक्यात बदलू नका. आणि तो क्लॅम्प आहे तसा राहू द्या, आणखी एक आटाही फिरवू नका. तुमच्या वर्णनात मला दोन वेगळ्या गळत्या दिसतात, आणि डोळ्यांना दिसणारी गळती त्यातली किरकोळ आहे.

साधा हिशेब करू. आठ गुणिले चार म्हणजे ३२ चौरस मीटर पृष्ठभाग. पातळी एक सेंटिमीटर उतरली की ३२० लिटर पाणी गेलं. तुमचं रोज दीड-दोन सेंटिमीटर जातंय, म्हणजे ४८० ते ६४० लिटर. यातलं काही वाफ होऊन जातं. साधारण हवेत रोज ३ ते ६ मिलिमीटर धरायला हरकत नाही, कडक ऊन आणि कोरडा वारा असेल तर जास्तही. तेवढं वजा केलं तरी तीनशे ते साडेचारशे लिटरच्या आसपास पाणी रोज कुठेतरी जातंय. आता टाकीखालची ओल बघा. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसभरात जेमतेम चार-साडेचार लिटर होतात. तीनशे लिटर टाकीखाली पडले असते तर तुम्ही ‘ओल’ म्हणाला नसता, तिथे डबकं झालं असतं. तेव्हा मोठं पाणी टाकीखाली येतच नाही. ते बहुधा वेस्टच्या, म्हणजे घाण पाणी बाहेर टाकायच्या, पाइपातून निमूटपणे गटारात जातंय.

हे घरच्या घरी पडताळता येतं. व्हॉल्व्हचं हँडल ‘फिल्टर’वर असताना पंप चालू ठेवा आणि बॅकवॉशचं (उलट्या प्रवाहाने वाळू धुतल्याचं) पाणी जिथून बाहेर पडतं ते तोंड बघा. तिथे एक थेंबही यायला नको. तुमचा पंप आठ तास चालतो, त्या हिशेबाने तिथून मिनिटाला अर्धा ते एक लिटर पाणी येत असलं तर तुमचं कोडं सुटलं. बादली धरून मोजा, अंदाजावर राहू नका. वेस्टचा पाइप जमिनीखालून थेट गटाराला जोडलेला असेल आणि तोंड दिसत नसेल, तर व्हॉल्व्हच्या बाजूची काचेची बरणी बघा, जिच्यातून बॅकवॉशचं गढूळ पाणी दिसतं ती. ‘फिल्टर’वर असताना त्या बरणीत पाणी हलताना, बुडबुडे सरकताना दिसले तर तोच पुरावा.

तरीही खात्री नसेल तर बादलीची चाचणी करा. पूलच्या पायरीवर एक बादली ठेवा, हलू नये म्हणून आत दगड टाका, पूलचंच पाणी भरा आणि आतली-बाहेरची पातळी सारखी करा. दोन्हीकडे खूण करा. चोवीस तास कोणी पोहायचं नाही, पाणी भरायचं नाही. एक दिवस पंप नेहमीसारखा चालवून आणि एक दिवस पूर्ण बंद ठेवून, अशी दोनदा करा. बादली आणि पूल सारखेच उतरले तर ती नुसती वाफ. पंप चालला त्याच दिवशी पूल जास्त उतरला तर गळती पंपाच्या पुढच्या, दाबाच्या बाजूला. दोन्ही दिवस सारखाच जास्त उतरला तर पूलचा तळ, भिंती, जमिनीतले पाइप यांच्याकडे संशय जातो. पण यात एक मेख आहे: फिल्टर पूलच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर बसवलेला असेल तर पंप बंद असतानाही पाणी आपोआप उतारावर येतं आणि व्हॉल्व्हमधल्या खराब गॅस्केटमधून, म्हणजे रबरी सीलमधून, रात्रभर वेस्टला जात राहतं. तुमचा फिल्टर वर आहे की खाली, हे आधी नजरेखालून घाला.

हात लावण्याआधी

फिल्टरच्या टाकीत पाण्यासोबत हवा अडकते आणि पंपाच्या दाबाने ती दाबली जाते. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, आणि सुटते तेव्हा झाकण गोळीसारखं उडवते. क्लॅम्पच्या फिल्टरचं झाकण उडून माणसं जायबंदी झाली आहेत, दगावलीही आहेत. त्यामुळे क्रम चुकवायचा नाही. पंप बंद. एमसीबी खाली. दाबाचा काटा शून्यावर येईपर्यंत थांबायचं. मग हवा सोडायचा छोटा व्हॉल्व्ह उघडायचा, कारण काटा अडकलेला असू शकतो आणि तो खोटं शून्य दाखवतो. हे सगळं झाल्यावर, आणि मगच, येणाऱ्या-जाणाऱ्या पाइपांचे कॉक बंद करायचे. बरेच जण उलटं करतात. आधी कॉक बंद करतात आणि दाब टाकीतच कोंडून घेतात. रिटर्नचा, म्हणजे पूलकडे परत जायचा, मार्ग उघडा असला की टाकीतला दाब आपोआप पूलकडे उतरतो, ही सोय वाया घालवू नका.

पंप चालू असताना क्लॅम्पला पाना लावायचा नाही, मल्टिपोर्टचं हँडल फिरवायचं नाही. पाणी मोटरवर ठिबकत असेल किंवा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल तर गळती शोधणं नंतर, आधी वायरिंग तपासून घ्या. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून मोटर ‘एकदा लावून बघू’ म्हणणारे लोक मला नेहमी भेटतात. त्यांना मी काही शिकवत नाही, सरळ स्विच बंद करतो.

छोटी गळती: पाणी दिसतं तिथून ते येत नसतं

आता टाकीखालची ओल. पाणी टाकीच्या गोलाईवरून घरंगळत खाली येतं, त्यामुळे माथ्यावरची गळती तळाशी दिसते. व्हॉल्व्हच्या हँडलपाशी झिरपलेलं पाणी मानेवर येतं, क्लॅम्पच्या खाचेत फिरतं आणि क्लॅम्पच्या बोल्टवरून ठिबकतं. बघणाऱ्याला वाटतं, क्लॅम्प गळतोय. म्हणून तो आवळला जातो, आणि तरी काही फरक पडत नाही. तुमच्याकडे असंच झालं असण्याची शक्यता मोठी आहे.

शोधायची रीत अशी. पंप बंद करून टाकी, व्हॉल्व्ह, पाइप, पंप, सगळं कोरड्या फडक्याने पुसून काढा. जमीनही. थोडं वाळू द्या. मग टाकीच्या मानेखाली, युनियनच्या (पाइप सोडवता येणाऱ्या नटाच्या जोडाच्या) खाली, दाबाच्या गेजच्या बुडाशी टिश्यू पेपरच्या पट्ट्या गुंडाळा, किंवा सगळीकडे टाल्कम पावडर हलकेच भुरभुरवा. पंप लावा, लांब उभे राहा आणि बघत राहा. पहिला ओघळ कुठून निघतो तेवढंच बघायचं. पाच मिनिटांत दिसला तर दिसला, नाही तर अर्धा तास द्या. अंधार पडल्यावर टॉर्चचा झोत तिरपा टाकला की ओला भाग चकाकतो आणि लवकर कळतो.

पांढरे डागही बघा. पाण्यातले क्षार वाळून त्यांचा पापुद्रा बसतो. जिथे असा पांढरा थर आहे तिथून महिनोन्महिने थोडं थोडं पाणी येतंय, भले आत्ता कोरडं दिसो. हा पुरावा मला टिश्यू पेपरपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

आणि ती ओल गळतीची आहे ना, हेही तपासा. दमट हवेत थंड पाण्याने भरलेल्या टाकीला बाहेरून घाम फुटतो आणि तो बदाबदा ठिबकतो. पाणी तपासायची पट्टी त्या थेंबांना लावा. क्लोरिन दिसलं तर पूलचं पाणी, नाही दिसलं तर हवेतलं.

पंप चालू असताना गळतं की बंद झाल्यावर, हा प्रश्न माझ्या लेखी सगळ्यात मोलाचा. पंपाच्या पुढे, म्हणजे फिल्टर आणि रिटर्नच्या बाजूला, दाब असतो. तिथली फट पंप चालू असताना पाणी बाहेर टाकते. पंपाच्या मागे, म्हणजे स्किमरकडून (पूलच्या वरच्या थरातलं पाणी ओढणाऱ्या तोंडाकडून) येणाऱ्या पाइपांत, ओढ असते. तिथली फट पंप चालू असताना पाणी टाकत नाही, उलट हवा आत घेते: जाळीच्या झाकणाखाली बुडबुडे दिसतात, रिटर्नच्या तोंडातून फुगे येतात, आणि पंप बंद केल्यावर, पूलची पातळी वर असेल तर, तीच फट ठिबकू लागते. तुमची ओल पंप लावल्यावर येते म्हणता, तेव्हा दाबाची बाजू धरून चाला.

आता एकेक जागा.

दाबाचा गेज आटे घालून बसवलेला असतो. त्याच्या बुडाशी पाझर असेल तर गेज काढा, जुनी टेप पूर्ण खरवडा, नवी टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने तीन-चार वेढे गुंडाळा आणि हाताने बसवून थोडासाच पाना लावा. व्हॉल्व्हची बॉडी प्लास्टिकची असते. जोर लावला की गेजचं भोकच तडकतं, आणि मग दोन मिनिटांच्या कामाचं नव्या व्हॉल्व्हवर जातं. काच आतून ओली असेल तर टेपने काही होणार नाही, गेजच बदला.

हँडलच्या दांड्यापाशी पाणी येत असेल तर आतली छोटी ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारं गोल रबरी कडं, गेली. ही पातळ रिंग दर वेळी हँडल फिरवताना घासते, त्यामुळे ती सगळ्यात आधी थकते. आणि इथलंच पाणी मानेवर उतरून क्लॅम्पला बदनाम करतं.

काचेच्या बरणीला स्वतःची ओ-रिंग असते. बरणी हाताने सोडवून, रिंग पुसून, सिलिकॉन ग्रीस लावून परत बसवली की बहुतेक वेळा भागतं. उन्हात बरणी ठिसूळ होते. केसासारखी चीर दिसली तर नवीच घाला.

युनियनमध्ये टेप गुंडाळलेली दिसली की मला कळतं, आधी कोणीतरी घाईत येऊन गेलंय. युनियन आट्यांनी पाणी अडवत नाही, आतल्या ओ-रिंगने अडवते. आटे फक्त रिंगवर दाब देतात. टेप तिथे निरुपयोगी, उलट तिने नट वाकडा बसतो. रिंग काढा, खाच पुसा, वाळूचा एक कण राहिला तरी पुरे होतो, ग्रीस लावा, हाताने आवळा. दोन पाइप एका रेषेत नसतील तर युनियन कितीही आवळा, एका बाजूने गळणारच. तिथे पाइपला आधार देणं हाच उपाय.

चिकटवलेला पीव्हीसी जोड पाझरत असेल तर बाहेरून सोल्युशन थापून काही होत नाही. जोड कापायचा आणि नवा घालायचा. पंपातून निघणारा पहिला आट्यांचा जोड खास तपासा. पंप कधी कोरडा चालला असेल तर आतलं पाणी तापतं, पीव्हीसीचे आटे आक्रसतात, आणि त्या दिवसापासून तो जोड गळू लागतो. लोक वर्षभर टेप बदलत बसतात. तिथे पाइपाचा तो तुकडाच बदलावा लागतो. नव्या जोडाला डब्यावर लिहिलाय तितका वेळ सुकू द्या. घाईने पाण्याचा दाब दिला की पुन्हा पहिल्यापासून.

तळाचा ड्रेन प्लग: काहींना ओ-रिंग असते, काहींना नसते. रिंग असेल तर ग्रीस, नसेल तर टेप. दोन्ही एकत्र नको.

पंप आणि मोटरच्या मधल्या फटीतून खाली पाणी पडत असेल तर ती फिल्टरची गळतीच नाही. पंपाचं मेकॅनिकल सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती पाणी अडवणारं सील, गेलंय. सिमेंटच्या ओट्याला उतार असला की हे पाणी बरोबर टाकीखाली जाऊन साचतं. याला फार दिवस लावू नका, कारण तेच पाणी मोटरच्या बेअरिंगमध्ये शिरतं आणि मग मोटर किंचाळायला लागते.

राहता राहिला क्लॅम्प. टिश्यूची पट्टी क्लॅम्पच्या वर कोरडी आणि खाली ओली असेल तरच मानेची ओ-रिंग काढायची. दाब उतरवून, टाकीतलं पाणी खाली करून, क्लॅम्प सोडा आणि व्हॉल्व्ह सरळ वर उचला, पण मधला उभा पाइप सोबत ओढला जाऊ देऊ नका. तो हलला तर तळातले लॅटरल, म्हणजे वाळू अडवणाऱ्या बारीक फटींच्या नळ्या, मोडतात, आणि मग पूलमध्ये वाळू येऊ लागते. उघड्या पाइपाच्या तोंडाला लगेच चिकटपट्टी लावा, वाळू आत गेली तर ती पूलमध्येच जाणार. आता रिंग बघा. एका बाजूने चपटी झाली आहे का, वाकवल्यावर बारीक भेगा दिसतात का, ताणून सैल झाली आहे का. यातलं काहीही असेल तर नवी. टाकीच्या कडेला वाळूचे कण चिकटलेले असतात, ते ओल्या फडक्याने, बोटाने चाचपून काढा. अलीकडेच वाळू बदलली असेल तर माझा पहिला संशय इथेच असतो.

ग्रीस सिलिकॉनचंच, पेट्रोलियम जेली नको. पूलच्या सामानात बऱ्याचदा ईपीडीएम रबर वापरलेलं असतं, ते पेट्रोलियमने फुगतं आणि मऊ पडतं. सुरुवातीला गळती थांबल्यासारखी वाटते, कारण रिंग फुगते. पुढे ती खाचेतून बाहेर येते. ओ-रिंगवर सिलिकॉन सीलंट, एम-सील असलं काही लावायचं नाही. पुढच्या वेळी उघडताना ते खाचेसकट निघतं.

मोठी गळती: स्पायडर गॅस्केट

आता तुमचं खरं पाणी खाणारी जागा. मल्टिपोर्टच्या आत चाकाच्या आऱ्यांसारखं रबराचं गॅस्केट असतं. त्याच्यावर फिरणारी चकती वरच्या जाड स्प्रिंगने दाबलेली असते. प्रत्येक आरा दोन वाटांच्या मधली भिंत आहे. ‘फिल्टर’वर असताना पंपाचं पाणी वाळूत जावं आणि वेस्टची वाट बंद राहावी, हे काम त्या भिंतीचं. आरा झिजला, तुटला, खाचेतून उचकटला किंवा त्याच्यावर वाळूचा कण अडकला की दाबाचं पाणी वेस्टला फुटतं. बाहेरून व्हॉल्व्ह ठणठणीत कोरडा.

उघडण्याआधी एक स्वस्त प्रयोग. पंप बंद, हँडल बॅकवॉशवर, पंप दोनेक मिनिटं. पंप बंद, रिन्सवर, अर्धा-एक मिनिट. पंप बंद, परत फिल्टरवर. कचरा अडकलेला असेल तर तो वाहून जातो आणि गळती तिथेच थांबते. थांबली तर सुटलात. काही दिवसांनी परत सुरू झाली तर उघडावंच लागेल.

दाब उतरवून कॉक बंद केल्यावर व्हॉल्व्हच्या झाकणावर आणि बॉडीवर मार्करने एक सलग उभी रेघ ओढा. झाकण एका घराने फिरून बसलं तर हँडल ‘फिल्टर’ दाखवेल आणि आत भलतीच वाट उघडी असेल. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत जा. स्प्रिंग जोरात असते, शेवटचे दोन स्क्रू सोडताना झाकणावर तळहात ठेवा. झाकण चकतीसकट वर येतं. लगेच फोटो काढा: गॅस्केट कोणत्या बाजूने बसलंय, जाड आरा कुठे आहे.

मग बोट फिरवा. डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळतं. जिथे आरा दबलेला, वळलेला किंवा खाचेतून वर आलेला लागतो तीच जागा. कधी गॅस्केट धडधाकट असतं आणि चकतीच्या खालच्या पृष्ठभागावर ओरखडा असतो, तेव्हा नुसतं गॅस्केट बदलून उपयोग नाही. बॉडीतली प्लास्टिकची आडभिंतच तडकलेली असेल तर पूर्ण व्हॉल्व्ह बदला, तिथे चिकटवाचिकटवीत वेळ घालवू नका.

जुनं गॅस्केट निघालं की खाच लाकडी काडीने साफ करा. धातूचं हत्यार नको, खाचेला ओरखडा पडला की तोच नवा रस्ता होतो. नवं गॅस्केट फोटोत होतं त्याच बाजूने बसवा. काही मॉडेलमध्ये ते खाचेत चिकटवायचं असतं, काहींत नुसतं दाबून बसवायचं असतं. पाकिटातल्या कागदावर जे लिहिलंय तेच खरं. चिकटवलं असेल तर गोंद वाळल्याशिवाय झाकण लावू नका. वर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात. व्हॉल्व्ह उघडलाच आहे तर हँडलच्या दांड्याची आणि झाकणाची ओ-रिंगही बदलून टाका, त्यांच्यासाठी परत उघडायची हौस कोणाला असते? रेघेला रेघ जुळवून झाकण ठेवा, स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने, हाताच्या स्क्रूड्रायव्हरने आवळा. ड्रिलने आवळलं की प्लास्टिकमधले आटे जातात.

गॅस्केट इतक्या लवकर का गेलं, हेही बघा. सवयीने हँडल पूर्ण खाली न दाबता फिरवलं की चकती वर उचलली जात नाही, ती आऱ्यांना खरवडत फिरते. हे सगळ्यात नेहमीचं कारण. दुसरं, स्किमरमध्ये क्लोरिनच्या गोळ्या ठेवणं. पंप बंद असताना गोळी विरघळून तिथलं पाणी तीव्र आम्ल होतं आणि पंप लागला की तोच घोट आधी पंपाच्या सीलला आणि मग गॅस्केटला बसतो. गोळ्या तरंगत्या डब्यात ठेवा.

वेस्टच्या पाइपवर एक बॉल व्हॉल्व्ह लावून गळती ‘थांबवायचा’ सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. चार दिवसांची सोय म्हणून चालेल. पण एखाद्या दिवशी तो उघडायला विसरून बॅकवॉशवर पंप लावला तर पाण्याला जायला वाटच राहत नाही आणि सगळा दाब टाकीवर येतो. मी स्वतः तो लावत नाही.

परत चालू करताना

येणारे-जाणारे दोन्ही कॉक उघडे आहेत ना, हे हात लावून बघा. हवेचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा. पंपाच्या जाळीत पाणी भरा. पंप लावताना टाकीवर वाकून उभे राहू नका, स्विच लांब असेल तर उत्तम. हवा फुसफुसून संपली आणि पाण्याची धार आली की तो व्हॉल्व्ह बंद करा. बॅकवॉश झाल्यावर काटा जिथे स्थिरावतो तो आकडा मार्करने टाकीवरच लिहून ठेवा. घरगुती पूलमध्ये तो बहुतेक वेळा १० ते २० पीएसआयच्या दरम्यान असतो. काटा त्याच्यापेक्षा ८ ते १० पीएसआय चढला की बॅकवॉश करायची वेळ झाली. हे टाळत राहिलं की दाब चढतो आणि सगळ्यात अशक्त रिंग आधी हार मानते. बऱ्याच जणांची गळती नुसत्या बॅकवॉशने कमी होते. रिंग बरी झाली म्हणून ती कमी होत नाही, तिच्यावरचा भार उतरतो म्हणून होते. तेव्हा रिंग बदलणं टळत नाही, थोडं लांबतं इतकंच.

नव्या सीलच्या जागा दुसऱ्या दिवशी परत टिश्यूने तपासा, आणि बादलीची चाचणी एकदा परत करा. पूल आणि बादली बरोबरीने उतरायला हव्यात.

तुमच्याकडे वाळूऐवजी कार्ट्रिजचा फिल्टर असता तर मल्टिपोर्ट बहुधा नसता, म्हणून ही मोठी गळतीही नसती. तिथे टाकी मध्यावर दोन भागांत उघडते आणि त्या मोठ्या ओ-रिंगवर सगळं अवलंबून असतं. तिचा पट्टा आवळताना भोवताली रबरी हातोडीने हलके ठोके देत आवळला तर तो सगळीकडे सारखा बसतो. किती आवळायचं ते टाकीच्या लेबलवर छापलेलं असतं, ते वाचा. छोट्या, उचलून ठेवायच्या पूलच्या पंपांत झाकणाची रिंग आणि होजच्या पट्ट्या एवढंच बघायचं असतं.

सुटे भाग घेताना टाकीवरच्या आणि व्हॉल्व्हवरच्या लेबलचा मॉडेल नंबर घ्या, दोन्हींचे वेगळे असू शकतात. दुकानात जुनी रिंग मापासाठी दाखवू नका, ती ताणलेली असते आणि तिच्या मापाची नवी रिंग खाचेत ढिली बसते.

टाकी कधी बदलायची, हे तुम्ही विचारलं होतं. पाणी टाकीच्या अंगातूनच येत असेल तेव्हा. पुसल्यावर फायबरच्या पृष्ठभागावर बारीक जाळीदार भेगांतून घाम यावा तसं पाणी फुटत असेल, मानेच्या कडेला तडा असेल, किंवा टाकीच्या सांध्यावर ओली रेघ उमटत असेल, तर पंप त्याच क्षणी बंद करा आणि परत लावू नका. दाबाच्या टाकीवर इपॉक्सी, फायबरचे तुकडे, पट्टे असले काही लावायचं नाही. पूल हिरवा पडला तर पडू द्या, तो नंतर साफ करता येतो. तुम्ही क्लॅम्प फिरेनासा होईपर्यंत आवळला आहे, म्हणून मानेची कड तेवढी आज उजेडात नीट बघून घ्या: बोल्टच्या जवळ, जिथे क्लॅम्पची दोन टोकं मिळतात तिथे. ती शाबूत असेल तर गॅस्केट आणि दोन-तीन रिंगा यांवर तुमचं काम होईल.